दोन फोन, तीन दिवे, ९६चा ठेका: व्हिडिओच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

गाण्याचं मिक्सिंग पूर्ण झालं. लांबी ३ मिनिटं ४० सेकंद, वेग मिनिटाला ९६ बीट. आता व्हिडिओ. हाताशी आहेत ते वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन फोन, दोन्ही ४केमध्ये चित्रण करणारे, आणि एक मध्यम ताकदीचा लॅपटॉप. कॅमेरा भाड्याने घ्यावा का, यावर बँडमध्ये बरीच चर्चा झाली. मी ठामपणे नाही म्हणालो आणि शेवटी सगळ्यांनी ते मानलं. आहेत ते पैसे तीन एलईडी दिवे, फोन घट्ट धरणारे क्लॅम्प, दोन ट्रायपॉड आणि एक जादा हार्ड डिस्क यांवर जातील.

कारण इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणाचं मन डळमळलं तर वाचता येईल. फोनच्या चित्राचा दर्जा ही आता अडचण राहिलेली नाही. अडचण ही आहे की फोन प्रत्येक निर्णय परस्पर घेतो. उजेड किती, रंग उबदार की थंड, फोकस कुणावर, सेकंदाला फ्रेम किती, हे सगळं तो क्षणाक्षणाला बदलत राहतो. एखादा प्रसंग सलग टिपायचा असेल तर ते सोयीचं असतं. गाण्याच्या व्हिडिओत मात्र एकाच ओळीचे तुकडे वेगवेगळ्या टेकमधून उचलून शेजारी-शेजारी लावायचे असतात. दर तुकड्यात गायिकेच्या चेहऱ्याचा रंग बदलला तर पाहणाऱ्याचं लक्ष गाण्यावरून उडतं. म्हणून या प्रकल्पातलं पहिलं काम म्हणजे फोनकडून हे निर्णय एकेक करून काढून घेणं आणि ते गाण्याप्रमाणे ठरवणं.

५ फेब्रुवारी

सेकंदाला किती फ्रेम? हे आधीच ठरवायला हवं, कारण डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा टाइमलाइनवर चित्रण आलं की प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलता येत नाही.

मिनिटाला ९६ बीट म्हणजे एक बीट ०.६२५ सेकंदाची. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एका बीटला १५.६२५ फ्रेम येतात. म्हणजे कट फक्त दर आठव्या बीटला नेमका बसेल, एरवी कधी थोडा पुढे, कधी थोडा मागे. ३० धरल्या तर १८.७५. आणि २४ धरल्या तर बरोबर १५. चार बीटचा एक बार ६० फ्रेमचा, म्हणजे अडीच सेकंदांचा. सगळं गाणं ८८ बारचं. २४ ठरलं. 'सिनेमासारखं दिसतं' म्हणून लोक २४ घेतात. आम्ही घेतलं ते ठेक्यासाठी. गाणं मिनिटाला १०० बीटचं असतं तर मी २५ घेतलं असतं, तिथे एका बीटला १५ फ्रेम येतात.

फ्रेमपेक्षा लहान फरक डोळ्याला दिसत नाही, मग एवढा हिशोब कशाला, असं गिटारवादकाने विचारलं. एकेकट्या कटला तो फरक दिसत नाही हे खरं आहे. पण पूर्ण फ्रेमचा हिशोब असला की बार क्रमांक सांगितला की वेळ मिळते, वेळ सांगितली की फ्रेम मिळते. संकलनात त्याने किती वेळ वाचेल ते दिसेलच.

८ फेब्रुवारी

गाण्याचा नकाशा कागदावर काढला. सुरुवातीचं संगीत ८ बार, पहिलं कडवं १६, ध्रुवपद ८, मधलं संगीत ८, दुसरं कडवं १६, ध्रुवपद ८, वळणाचा भाग ८, शेवटचं ध्रुवपद १६. प्रत्येक बारला एक चौकोन, चौकोनात कोण दिसणार आणि कुठून दिसणार.

कल्पना साधी ठेवली. एक मोकळी खोली. जे वाद्य गाण्यात येतं त्याच्यावर दिवा लागतो. शेवटच्या ध्रुवपदात सगळे उजेडात. कथा, अभिनेते, बाहेरची ठिकाणं काहीही नाही. साधनं थोडी असताना कल्पना मोठी घेतली की प्रत्येक शॉटमध्ये तडजोड दिसते. एक खोली नीट उजळता आली तर ती खोली पुरते.

शेवटचे ४ बार, म्हणजे १० सेकंद, वेगळ्या रंगाने खूण करून ठेवले. यूट्यूबची एंड स्क्रीन व्हिडिओच्या शेवटच्या ५ ते २० सेकंदांत लावता येते, आणि तिथे पुढच्या व्हिडिओची चौकट चित्रावर येऊन बसते. त्या १० सेकंदांत बँड फ्रेमच्या डाव्या बाजूला उभा राहील, उजवी बाजू मोकळी. ही जागा आत्ता राखली नाही तर नंतर ती चौकट कुणाच्या तरी चेहऱ्यावर येते.

१२ फेब्रुवारी

फोनच्या चाचण्या. फोनसोबत आलेलं कॅमेरा अ‍ॅप बाजूला ठेवलं. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत अ‍ॅप वापरतोय. ओपन कॅमेरा हाही चांगला पर्याय आहे, तो अँड्रॉइडवर चालतो आणि मुक्त स्रोत आहे. दोन्हींत हवं ते हाताने ठरवता येतं, फोनच्या मर्यादेत.

शटर, म्हणजे एका फ्रेमला उजेड किती वेळ मिळतो ते, १/५० सेकंद. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तिथे विजेवर चालणारे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते जाणवत नाही, फोनला जाणवतं. फोनचा सेन्सर चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो, त्यामुळे ही लुकलुक आडव्या पट्ट्यांच्या रूपात दिसते आणि त्या पट्ट्या हळूहळू सरकत राहतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की प्रत्येक ओळीला उजेडाची पूर्ण आवर्तनं मिळतात आणि पट्ट्या जातात. ६० हर्ट्झचा पुरवठा असेल तर १/६० किंवा १/१२०. एक सावधगिरी: काही एलईडी दिवे मंद केले की वेगळ्याच गतीने लुकलुकतात. आमच्या तिघांतला एक तसा निघाला. तो पूर्ण ताकदीवर चालवायचा आणि उजेड कमी हवा असेल तेव्हा लांब सरकवायचा.

आयएसओ, म्हणजे सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते, जितका खाली ठेवता येईल तितका. फोनचा सेन्सर छोटा असतो, उजेड कमी पडला की सावल्यांत दाणे दिसू लागतात. रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत ते दाणे काढायची सोय नाही, ती विकतच्या आवृत्तीत आहे. तेव्हा हा प्रश्न दिव्यांनीच सोडवायचा. व्हाइट बॅलन्स (रंग उबदार की थंड ते) दोन्ही फोनवर ५६०० केल्विनला कुलूपबंद. फोन ट्रायपॉडवर असताना इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण बंद, नाहीतर ते स्थिर चित्रालाही हलकेच डुलवतं आणि कडा कापतं. फक्त मुख्य लेन्स वापरायची. डिजिटल झूम पूर्ण वर्ज्य, जवळून हवं असेल तर फोन जवळ न्यायचा.

चित्रण ४केमध्ये. अंतिम व्हिडिओसाठी त्याची तेवढी गरज नाही, उभ्या व्हिडिओसाठी आहे. ४केच्या आडव्या फ्रेममधून ९:१६ चा उभा तुकडा कापला तर तो १२१५ × २१६० मिळतो, म्हणजे १०८० × १९२० साठी पुरून उरतो. १०८०पी मधून कापला तर रुंदी जेमतेम ६०७ पिक्सेल. प्रचाराचं निम्मं काम उभ्या तुकड्यांवर चालणार आहे, त्यामुळे हा निर्णय चित्रणाआधीच व्हायला हवा होता.

१५ फेब्रुवारी

दिवे. उघडा एलईडी चेहऱ्यावर मारला तर कपाळ चमकतं आणि नाकाची सावली सुरीसारखी पडते. दिव्यापुढे एक मोठा पांढरा पडदा ताणला की तो पडदाच दिवा होतो. उजेडाचा स्रोत जितका मोठा आणि जितका जवळ तितकी सावली मऊ. दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल, तो उजेड परत फेकतो. मुख्य दिवा बाजूने, दुसरा मागून केसांवर आणि खांद्यावर, म्हणजे माणूस भिंतीपासून सुटा दिसतो. तिसरा वाद्यावर.

ड्रमरला धूर हवा होता. दिव्याचे झोत दिसले की रंगमंचाचा भास होतो, हे त्याचं म्हणणं बरोबरच आहे. पण धूर, काळोख आणि हळूहळू विरत जाणारा उजेड या तिन्ही गोष्टी इंटरनेटवर चित्र दाबताना सगळ्यांत आधी बिघडतात. चाचणीचा एक तुकडा खाजगी व्हिडिओ म्हणून चढवून फोनवर पाहिला. मागच्या काळ्या भिंतीवर चौकोन चौकोन दिसत होते. त्यानंतर ड्रमरनेच धूर नको म्हटलं. भिंत काळी न ठेवता करड्या कापडाने झाकली आणि तिच्यावर थोडा उजेड सोडला. चित्र कुठे आणि कशावर पाहिलं जाणार आहे, ते पाहूनच प्रकाशयोजना करायची.

१७ फेब्रुवारी

चित्रणाच्या वेळी वाजवायचे गाईड ट्रॅक तयार केले, ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये. गाण्याच्या आधी चार टिकटिक, म्हणजे बरोबर एक बार. त्याआधी एक तीक्ष्ण बीप.

दुसरा ट्रॅक १.२५ पट वेगाचा, सूर तोच ठेवून. त्याचा वेग मिनिटाला १२० बीट होतो. हा ट्रॅक वाजवून सेकंदाला ३० फ्रेमने चित्रण करायचं आणि संकलनात ते २४ने चालवायचं. ओठ गाण्याशी जुळतात, पण केस, हात, कापड किंचित तरंगल्यासारखे हलतात. वळणाच्या ८ बारसाठी हे हवं आहे. ६० फ्रेमने केलं तर गाणं अडीच पट वेगाने, मिनिटाला २४० बीटने म्हणावं लागेल, ते कुणालाच जमणार नाही. ६० फ्रेम फक्त झांजांसाठी आणि तारांसाठी, जिथे ओठ जुळवायचे नाहीत.

२१ फेब्रुवारी

चित्रणाचा पहिला दिवस. आज पूर्ण गाण्याचे सलग टेक.

स्पीकर तारेचा, वादकांच्या अगदी पायाशी. ब्लूटूथ स्पीकर आणि तारेचे इअरफोन एकत्र वापरायचे नाहीत. ब्लूटूथचा आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे इअरफोनवर ऐकणारा ड्रमर पुढे आणि स्पीकरवर ऐकणारी गायिका मागे, असं होतं. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. लांबचा फोन १० मीटरवर ठेवला तर त्याच्यापर्यंत आवाज २९ मिलिसेकंद उशिरा येतो. आमची एक फ्रेम सुमारे ४२ मिलिसेकंदांची, त्यामुळे लांबच्या शॉटमध्ये जुळणी एखाद्या फ्रेमने सरकवून पाहायची हे नोंदवून ठेवलं.

गायिकेला मी एकच विनंती केली होती: ओठ हलवू नकोस, खरोखर गा, पूर्ण ताकदीने. गाताना मानेच्या शिरा, श्वास घेताना उचललेले खांदे, वरच्या सुराला आक्रसलेले डोळे, हे नुसत्या ओठांच्या हालचालीत येत नाहीत. ड्रमरचंही तेच. हलक्या हाताने वाजवल्याचं कॅमेऱ्यात लगेच ओळखू येतं. त्याने जोरात वाजवलं, आणि झांजांच्या आवाजात स्पीकर हरवू नये म्हणून गाणं त्याच्या कानात दिलं.

प्रत्येक मांडणीच्या सुरुवातीला एक पांढरा कागद आणि एक करडा कागद त्या उजेडात धरून टिपला. दोन्ही फोनचे रंग नंतर यावरूनच जुळवता येतील. प्रत्येक टेकला टाळी, आणि टेकचा क्रमांक मोठ्याने बोलून.

दुपारनंतर फोन तापले आणि एकाने पडद्याचा उजेड आपोआप कमी केला. दोन टेकच्या मध्ये त्यांना दिव्यांपासून दूर, पंख्यासमोर ठेवायला लागलो. चार्जिंग सुरू ठेवून चित्रण केलं तर ते आणखी तापतात.

२२ फेब्रुवारी

दुसरा दिवस, जवळचे शॉट. बोटं, तारा, पेडलवरचा पाय. वेगवान ट्रॅकवरचा वळणाचा भाग. गायिका म्हणाली, "सुरुवातीला घाई वाटते, पण दोनदा म्हटलं की बसतं." आणि बसलं.

जेवढा वेळ चित्रणाला लागला तेवढाच वेळ स्थिर छायाचित्रांना राखून ठेवला होता. व्हिडिओतून उचललेली फ्रेम जवळजवळ नेहमी थोडी पुसट असते, कारण १/५० शटरमध्ये हालचाल फराटते. थंबनेल, पोस्टर, संदेशासोबत पाठवायचं चित्र, या सगळ्यांसाठी वेगळे फोटो हवेत, त्याच कपड्यांत, त्याच उजेडात.

संध्याकाळी सगळं दोन डिस्कवर उतरवलं. सेकंदाला ५० मेगाबिट धरले तर एका मिनिटाला ३७५ एमबी होतात, एका तासाला साडेबावीस जीबी, तेही एका फोनचे. फोनमधलं चित्रण दोन्ही प्रती उघडून पाहिल्याशिवाय पुसायचं नाही.

२६ फेब्रुवारी

फोन २४ फ्रेमचं वचन देतो, पण खरं तर कधी थोड्या कमी, कधी थोड्या जास्त टिपतो. हा बदलता फ्रेम रेट संकलनात घातक ठरतो, सुरुवातीला जुळलेले ओठ शेवटच्या कडव्यात सुटतात. म्हणून सगळ्या फाइली आधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून काढून स्थिर फ्रेम रेटच्या केल्या: २४च्या २४वर, ३०च्या ३०वर. मग रिझॉल्व्हमध्ये हलक्या प्रॉक्सी, म्हणजे कमी दर्जाच्या कामापुरत्या प्रती, बनवल्या, नाहीतर हा लॅपटॉप ४केचे चार थर ओढू शकत नाही. पूर्ण दर्जा शेवटी निर्यात करतानाच वापरला जाईल.

फोनने टिपलेला खोलीतला आवाज आणि मास्टर, म्हणजे गाण्याचं अंतिम ध्वनिमुद्रण, यांच्या लहरी जुळवून टेक बसवले. त्यानंतर फोनचा आवाज बंद.

३ मार्च

संकलन. बारांचा नकाशा समोर ठेवून. 'बार ५७ला गिटार' म्हटलं की तो क्षण २ मिनिटं २० सेकंदांवर असतो, शोधावा लागत नाही.

पहिल्या मसुद्यात जवळजवळ प्रत्येक कट बीटवर होता. ते पाहणं थकवणारं झालं. ठेका कानाला कळतोच, डोळ्याने तेच पुन्हा सांगायची गरज नाही. आता कडव्यांत कट ओळीच्या श्वासावर आहेत, काही शॉट पूर्ण चार बार तसेच राहू दिलेत. ध्रुवपदाच्या समेवर मात्र नेमका कट, तोही एक फ्रेम आधी. नवं चित्र डोळ्यात बसायला क्षणभर लागतो, त्यामुळे फ्रेमभर आधी आलेला कट समेवर आल्यासारखा वाटतो.

वेगवान ट्रॅकचे शॉट क्लिपच्या गुणधर्मांत ३०वरून २४वर आणले. वळणाचे ते २० सेकंद या व्हिडिओतलं माझं सगळ्यांत आवडतं काम आहे.

९ मार्च

रंग जुळले. एका फोनचे लाल थोडे भडक होते, करड्या कागदावरून दोन्ही एका रेषेत आणले आणि मग कातडीचा रंग डोळ्याने पाहिला. यापलीकडे कुठलाही झगमगता रंगसंच लावला नाही.

आवाज. व्हिडिओसाठी मास्टर ४८ किलोहर्ट्झचा, डब्ल्यूएव्ही. यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसपेक्षा (हे आवाजाच्या सरासरी मोठेपणाचं माप) मोठ्या आवाजाचं गाणं खाली ओढतं, आवाज लहान असेल तर वर उचलत नाही. त्यामुळे आवाज दाबून दाबून मोठा करण्यात काही मिळत नाही, उलट ड्रमचा ठोसा जातो. वरची टोकं उणे १ डेसिबलच्या खाली.

शब्दांची एसआरटी (उपशीर्षकांची) फाइल हाताने लिहिली. आपोआप होणारी उपशीर्षकं गायलेल्या शब्दांपुढे कोलमडतात, आणि ज्याने ओळ लिहिली त्याच्या शब्दांची मोडतोड पडद्यावर दिसावी हे मला सहन होत नाही. वेळा नकाशातूनच आल्या: पहिलं कडवं ००:००:२०,०००, ध्रुवपद ००:०१:००,०००.

१२ मार्च

निर्यात ४केमध्ये. यूट्यूब या आकारासाठी सेकंदाला ३५ ते ४५ मेगाबिट सुचवतं. ४५ धरले तर फाइल सव्वा जीबीच्या आसपास.

प्रसिद्धीच्या आधीची कागदपत्रं, जी सगळ्यांना कंटाळवाणी वाटतात पण करायलाच हवीत. गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला एक आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक आहे. हा १२ अक्षर-अंकांचा असतो. व्हिडिओला त्याचा स्वतंत्र क्रमांक लागतो, तोच वापरून चालत नाही. दुसरं, गाणं वितरकामार्फत स्ट्रीमिंगवर गेलं आहे आणि वितरकाने ते कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या हक्क ओळखणाऱ्या यंत्रणेत, नोंदवलं आहे. म्हणजे आमच्याच व्हिडिओवर आपोआप दावा लागू शकतो. वितरकाला आमचं चॅनेल सूट-यादीत घालायला आधीच कळवलं आणि लेखी होकार आल्यावरच व्हिडिओ चढवला, तोही खाजगी ठेवून. ४केची प्रत तयार व्हायला वेळ लागतो. लगेच जाहीर केलं तर पहिले प्रेक्षक, म्हणजे आपली सगळ्यांत जिवाभावाची माणसं, धूसर चित्र पाहतात.

१४ मार्च

थंबनेल तीन केले. १२८० × ७२०, आणि प्रत्येक फोनच्या पडद्यावर अंगठ्याएवढा करून पाहिला. गायिकेचा चेहरा आणि मागचा दिवा एवढंच ओळखू येतं, म्हणून अक्षरं काढून टाकली. यूट्यूबच्या तुलना करण्याच्या सोयीत तिन्ही लावता येतात.

वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत गाणं कशाबद्दल आहे ते आणि गाणं ऐकायचा दुवा. बाकीचं सगळं, गीत-संगीत-वादन-चित्रण-संकलन यांची श्रेयनामावली, पूर्ण शब्द, त्याखाली. ज्याने दिवा धरला त्याचंही नाव आहे.

२१ मार्च

व्हिडिओ प्रसिद्ध झाला, प्रीमियर म्हणून, बँडमधले सगळे चॅटमध्ये हजर. ज्यांनी आजवर कार्यक्रमांना येऊन आम्हाला ऐकलं त्यांना प्रत्येकाला वेगळा संदेश लिहिला, एकच मजकूर सगळ्यांना ढकलला नाही. कामं वाटून घेतली आणि रात्रीपर्यंत जवळपास प्रत्येक प्रतिक्रियेला उत्तर गेलं.

२८ मार्च

प्रेक्षक टिकण्याचा आलेख. पहिल्या २० सेकंदांत उतार आहे, गायिकेचा आवाज आला की रेषा आडवी होते, आणि वळणाच्या भागात किंचित वर उचलते, म्हणजे लोक तो भाग मागे जाऊन पुन्हा पाहतायत. सुरुवातीचे ८ बार कापून टाकावेत असं एकाने सुचवलं. मी विरोध केला आणि करत राहीन. ते ८ बार गाण्याचा भाग आहेत. बास तिथे एकटा चालतो म्हणून पहिल्या ओळीला वजन येतं. आलेखासाठी चाल बदलायची असेल तर हा व्हिडिओ केला कशासाठी?

घाई असलेल्या माणसासाठी उभे तुकडे आहेत. पहिला ध्रुवपदापासून, दुसरा वळणाच्या भागातला, तिसरा फक्त ड्रमचा, चौथा ओळी पडद्यावर दाखवणारा. यूट्यूबच्या उभ्या व्हिडिओंना, म्हणजे शॉर्ट्सला, ऑक्टोबर २०२४पासून ३ मिनिटांपर्यंत मुभा आहे, पण आमचे तुकडे ८ ते १६ बारचेच ठेवतोय, आणि प्रत्येकाला संबंधित व्हिडिओ म्हणून पूर्ण गाणं जोडतोय. आठवड्याला एक.

३ एप्रिल

ड्रमचा तुकडा गेला. त्याखाली वादक मंडळी जमली आहेत, कोणता ठेका, कोणत्या काड्या असं विचारतायत. ड्रमर स्वतः उत्तरं देतोय. त्याच चित्रणातून एका अखंड लांब टेकचा, कुठलाही कट नसलेला दुसरा व्हिडिओ करायचं ठरलं. त्यासाठी २१ फेब्रुवारीचा लांबच्या फोनवरचा टेक पाहून ठेवला आहे, जुळणी एक फ्रेम सरकवायची आहे आणि त्या व्हिडिओला नवा आयएसआरसी क्रमांक घ्यायचा आहे.